गोंडस पिल्लांची ओढ नेमकी कशामुळे वाटते?

प्रश्न:
मांजरीचे पिल्लू, खार किंवा लव फुटलेले घुबडाचे पोर दिसले, की हातातले काम तसेच राहते आणि त्याला उचलून छातीशी धरावेसे वाटते. पालीचे पिल्लू याहूनही लहान असते, तरी त्याच्याबद्दल मला असे कधी वाटलेले नाही. म्हणजे निव्वळ लहान असणे हे कारण नसावे. मग ही माया कशाला भुलते? आणि ती त्या प्राण्याच्या हिताची असते का?

प्रतिसाद १:
प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्त्स यांनी १९४३ साली याचे उत्तर मानवी बाळाच्या चेहऱ्यात शोधले. शरीराच्या मानाने मोठे डोके, पुढे आलेले कपाळ, चेहऱ्यावर खालच्या बाजूला असलेले टपोरे डोळे, गुबगुबीत गाल आणि आखूड हातपाय ही ठेवण दिसली, की आपल्यातले वात्सल्य जागे होते, मग ते बाळ आपल्या जातीचे नसले तरी. पालीच्या पिल्लात ही ठेवण नसते. मला विशेष वाटते ते हे, की घरगुती सशाचे पिल्लू जन्मतः केसहीन असते, त्याचे डोळे मिटलेले असतात आणि त्या सर्वांत असहाय दिवसांत ते आपल्याला फारसे लोभस वाटत नाही. डोळे उघडून अंगावर लव आल्यावरच ते आपले मन ओढून घेते.

प्रतिसाद २:
आपल्या दुसऱ्या प्रश्नाला स्लो लोरिसचे उदाहरण द्यावे लागेल. गुदगुल्या केल्यावर हात वर करणाऱ्या या टपोऱ्या डोळ्यांच्या प्राण्याची चित्रफीत असंख्य लोकांनी कौतुकाने पाहिली. प्रत्यक्षात हात वर करणे ही त्याची बचावाची पद्धत आहे, कारण कोपराजवळच्या ग्रंथीतला स्राव चाटून तो लाळेत मिसळतो आणि त्यामुळे त्याचा चावा विषारी होतो. विक्रीपूर्वी त्याचे दात अनेकदा तोडले जातात. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारी खरेदी-विक्रीवर २००७ पासून बंदी असूनही हा छळ थांबलेला नाही, याचे मला फार वाईट वाटते. चेहरा बाळासारखा दिसावा म्हणून चपट्या नाकाची पैदास केलेले पग कुत्रे आयुष्यभर धापा टाकतात, तेही याच हौसेपायी.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. मग रानात एकटे पिल्लू दिसले, तर त्याला उचलणेही चूकच का?

प्रतिसाद २:
बहुतेक वेळा चूकच. रानसशाची मादी पिल्लांना गवतात एकटे सोडून दूर राहते, म्हणजे तिच्या वावराने शिकाऱ्याला त्यांचा माग लागत नाही. दूध पाजायला ती साधारणपणे दिवसातून एकदाच, सूर्यास्तानंतर येते. आपल्याला अनाथ वाटणारे ते पिल्लू तिचीच वाट पाहत निश्चल बसलेले असते. ते जखमी नसेल, तर दुरूनच पाहावे आणि पाळीव कुत्र्याला तिथून दूर न्यावे.