मदत हवी आहे: ऑटोकॅडमध्ये प्लॅन 0,0 वर, सर्व्हे यूटीएममध्ये, कॉलमचे कोऑर्डिनेट कसे काढू?

पुण्याजवळच्या साइटचं काम आहे. सर्व्हेअरची फाइल मीटरमध्ये, यूटीएम (नकाशाची मीटरमधली कोऑर्डिनेट पद्धत) झोन 43 उत्तर; ईस्टिंग (एक्स) 3,78,000 आणि नॉर्दिंग (वाय) 20,48,000 च्या आसपास. आर्किटेक्टचा प्लॅन मिलिमीटरमध्ये, कोपरा 0,0 वर, ग्रिड उत्तरेपासून 17 अंश फिरलेली. लेआउटवाल्याला टोटल स्टेशनसाठी (जागेवर बिंदू आखायचं मोजणी यंत्र) 48 कॉलमच्या केंद्रांचे एक्स-वाय हवेत, सर्व्हेच्या हिशेबाने.

काय करून झालं: प्लॅनची कॉपी 0.001 ने स्केल केली, मग अलाइन कमांडने हद्दीचे दोन दगड जुळवले (स्केलला ‘नो’ म्हटलं). जागा बरोबर बसली, पण ओरिजिनपासून इतकं लांब गेल्यावर हॅच (भरलेल्या रेघांचे नमुने) बिघडतात. प्लॅन 0,0 वरच ठेवून यूसीएस (स्वतःचे एक्स-वाय अक्ष) फिरवून पाहिला, पण त्याने मिलिमीटरचे मीटर होत नाहीत. आयडी कमांडने (बिंदूचे कोऑर्डिनेट दाखवणारी) एकेक बिंदू लिहून घेतला, तर आकडा चुकण्याचीच भीती.

ऑटोकॅड एलटी 2021 आहे, म्हणजे लिस्प (ऑटोकॅडमध्ये छोटे प्रोग्रॅम लिहायची भाषा) नाही. मूळ प्लॅन हलवायचा नाही, स्ट्रक्चरलवाले त्यावरच काम करतायत.

तर सर्व्हेची फाइल मुख्य धरून प्लॅन एक्सरेफ करावा (बाहेरची फाइल म्हणून जोडावा) की उलट? आणि एलटीमध्ये 48 बिंदूंची यादी एकदम कशी काढता येईल?