मदत हवी आहे : ठाण्याच्या खाडीचे हे जुने छायाचित्र नेमके कुठून टिपले असावे?

नमस्कार.

ठाण्याच्या जुन्या खाडीकिनाऱ्याची तेव्हाची आणि आताची छायाचित्रे शेजारी मांडण्याच्या कामात मी एका चित्रापाशी अडलो आहे. दगडी कमानींचा एकच पूल, त्याच्या अलीकडे ओहोटीने उघडा पडलेला चिखल, त्यात कलंडलेल्या होड्या, उजव्या कडेला तटासारखी अर्धवट कापली गेलेली भिंत आणि मागे पारसिकचा डोंगर, एवढे त्यात स्पष्ट दिसते, तारीख नाही.

हा पूल रेल्वेचा की रस्त्याचा, यावर बरेच काही अवलंबून आहे. १ मे १८५४ रोजी रेल्वे ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणपर्यंत गेली. कळव्याचा जुना दगडी रस्तापूल त्यानंतर, १८६३ साली झाला आणि तो रेल्वेच्या उत्तरेस, म्हणजे आज मध्यवर्ती कारागृह असलेल्या किल्ल्याच्या बाजूला आहे. त्यामुळे रेल्वेच्या दक्षिणेकडील मीठबंदराकडून पाहिल्यास रेल्वेचा पूल आधी दिसायला हवा आणि किल्ल्याकडून पाहिल्यास रस्त्याचा. मात्र बंदराच्या बाजूने पूर्वेकडे पाहताना किल्ला डावीकडे यायला हवा, आणि येथे भिंत उजवीकडे आहे. म्हणून काचेच्या निगेटिव्हवरून उलटी प्रत निघाली असावी, अशी मला दाट शंका येते.

डोंगराच्या माथ्याची रेघ जुळवून हे ठरवता आले असते. जवळचा खांब आणि दूरचे शिखर जुन्या चित्राप्रमाणे एका रेषेत येईपर्यंत किनाऱ्याने सरकत गेले, की मूळ कॅमेऱ्याची दिशा सापडते. परंतु दगडखाणींनी पारसिकचे इतके लचके तोडले आहेत की कोणती खाच जुनी आणि कोणती नवी, हे सांगणे कठीण झाले आहे.

दुसरी अडचण पाण्याची आहे. जुना किनारा रुंद दिसतो म्हणून सगळा दोष भरावाला देणे सोपे आहे, पण उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या) ओहोटीला उघडा पडणारा चिखल भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या) ओहोटीला बराचसा पाण्याखालीच राहतो, शिवाय आज तिवरांमुळे पाण्याची कडच दिसत नाही. पाण्याची पातळी न जुळवता अशी दोन चित्रे शेजारी ठेवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

चेंदणी कोळीवाड्यातील जाणकारांनी पूर्वी होड्या कुठे लावत, ते कृपया सांगावे. खाणी सुरू होण्यापूर्वीचे, पारसिकचा माथा दाखवणारे छायाचित्र कोणाच्या घरी असल्यास त्याची प्रत मिळावी, अशी विनंती आहे. कितीही अस्पष्ट असली तरी चालेल.