तसबीर की व्यक्तिचित्र?

भाषांतरकार: स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांनी १७९२ साली सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं तैलचित्र काढलं. आता ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. त्याच्या माहितीत मी 'तसबीर' लिहिलं, संपादकांनी 'व्यक्तिचित्र' केलं. म्हणे, तसबीर म्हणजे हार घातलेला फोटो. मला 'व्यक्तिचित्र' म्हटलं की दिवाळी अंकातला लेख आठवतो.

कोल्हापूरकर: तसबीरच ठेवा. आमची आजी भिंतीवरच्या प्रत्येक चित्राला तसबीर म्हणायची, माणूस हयात असो वा नसो. अरबी 'तस्वीर' आणि 'सूरत' (चेहरा) एकाच धातूचे. चेहऱ्याचं चित्र म्हणायला याहून नेमका शब्द कुठला?

मायमराठी: इतके अरबी-फारसी शब्द हवेतच कशाला? 'रूपचित्र' म्हणा.

कोल्हापूरकर: मग नानांच्या आडनावाचं काय कराल? 'नवीस' म्हणजे लिहिणारा, शुद्ध फारसी. चिटणीस, पारसनीस, सगळे त्याच घरचे.

सदाशिवपेठी: पण 'फड' आपला आहे. फड म्हणजे कचेरी.

कोल्हापूरकर: फड नव्हे, फर्द! फर्द म्हणजे हिशेबाचा कागद. फर्दनवीसचं फडणवीस झालं.

सदाशिवपेठी: हे मला पटत नाही. पेशव्यांच्या दप्तरात 'फडावर' हा शब्द सर्रास आहे.

सुरतवाले: नानांना 'मुत्सद्दी' लिहिलं असेल, तर तोही शब्द बघा. मोगलांच्या काळी सुरतेचा मुत्सद्दी म्हणजे बंदराचा अधिकारी. हिंदीत मुसद्दी म्हणजे कारकून. मराठीने मात्र त्या कारकुनाला राज्य सांभाळणारा धोरणी पुरुष केलं. फडावरून राज्य चालवणाऱ्या नानांना हा शब्द किती चपखल बसतो! मला तो फार प्रिय आहे.

सदाशिवपेठी: तरी साडेतीन शहाण्यांत नाना अर्धेच, कारण तलवार नाही.

मायमराठी: रंगवणाऱ्याला तरी 'चितारी' म्हणा.

सावंतवाडीकर: आमच्याकडे चितारी म्हणजे लाकडी खेळणी आणि गंजिफा (खेळायचे पत्ते) रंगवणारे. त्यांची चितार आळी अजून आहे. वेल्स यांना चितारी म्हणणं मला चुकीचं वाटतं.

भाषांतरकार: पण ओळ काय लिहू? चित्रात दोघं आहेत, शिवाय सेवक. 'व्यक्तिचित्र' एकाचंच ना?

कोल्हापूरकर: म्हणून तर तसबीर.

सदाशिवपेठी: फर्दचा पुरावा मात्र अजून दिला नाहीत.