जुन्या मारुती ८०० ला कुठलं इंजिन ऑइल टाकू?

नमस्कार मंडळी,

गाडी २००३ ची मारुती ८००, पेट्रोल, एमएच-१९ पासिंग. वडिलांनी कापसाच्या पैशातून घेतलेली. दोनदा रिपासिंग झालंय, आणि विकायचा विषय अमळनेरच्या घरात कोणी काढत नाही. मीटर ९४ हजारांवर.

वडील होते तोवर गावातल्याच मेकॅनिककडे २०डब्ल्यू-४० ऑइल पडायचं. दिवाळीनंतर मी जळगावच्या एका गॅरेजला सर्व्हिसिंगला टाकली. त्यांनी न विचारता फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-३० भरलं, वर "भाऊ, आता इंजिन नव्यासारखं चालेल." आवाज खरंच कमी झाला. मग फेब्रुवारीत चाळीसगावहून कन्नड घाट चढून संभाजीनगरला जाऊन आलो. आल्यावर डिपस्टिक पुसून पाहिली, तर टोकाला जेमतेम ओल. १४०० किलोमीटरमध्ये!

आता सकाळी स्टार्टला निळसर धूर येतो, मिनिटभरात थांबतो. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, कडेने ऑइल पाझरतं ते वेगळंच. अंगणात आईचे बिबडे (ज्वारीचे पापड) वाळताहेत. काल तिने सांगूनच टाकलं, धुराचा वास लागला तर सगळे तूच खा.

गावातले मेकॅनिककाका म्हणतात, ४५ अंशाच्या उन्हाला २०डब्ल्यू-५० च लागतं. मेहुणा म्हणतो, एकदा सिंथेटिक टाकलं की परत मिनरल, म्हणजे साधं ऑइल, चालत नाही. मॅन्युअल वाळवीने खाल्लं. कोणाचं ऐकू? इंजिन खोलावं लागेल का?

प्रतिसाद, भुसावळहून:

खोलू नका भो, इतक्यात तरी. फक्त स्टार्टला धूर येऊन थांबतो म्हणजे संशय व्हॉल्व्ह सीलवर. रबर कडक झालं की रात्रभर ऑइल झिरपून आत उतरतं आणि सकाळी जळतं. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर घाट चढताना, ॲक्सिलरेटर दाबल्यावर धूर दिसला असता. मागच्या गाडीवाल्याला विचारा, आरशात नीट कळत नाही.

सिंथेटिकने इंजिन बिघडवलं नाही, आधीची झीज फक्त उघडी पडली. मेहुण्याचं म्हणणं सोडून द्या, मिनरलवर खुशाल परत या. काकांचं अर्धं बरोबर. पहिला आकडा थंड इंजिनासाठी, डब्ल्यू म्हणजे विंटर. आपल्याकडे डिसेंबरातही २० भागतं. दुसरा आकडा १०० अंशाला ऑइल किती दाट राहतं त्याचा. गरम इंजिनात ऑइल तसंही तेवढं तापतं, म्हणून नुसत्या उन्हासाठी ५० नको. २०डब्ल्यू-४० टाका, डब्यावर दर्जाचा वर्ग एपीआय एसएल किंवा त्यापुढचा आहे का बघा. त्यावरही पीत राहिली तर ५० चा विचार.

आधी टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदला. वरच्या खुणेपर्यंत भरा आणि दर ५०० किलोमीटरला, गाडी सपाट जागी थंड असताना, बघून लिहून ठेवा. फ्लशिंगच्या, म्हणजे इंजिन आतून धुण्याच्या, नादी लागू नका, जुना गाळ सुटून जाळीत अडकतो. आणि ऑइलचा लाल दिवा लुकलुकला तर जागेवर बंद करा, घर जवळ असलं तरी.

धागाकर्ता:

आभारी आहे दादा. पॅकिंग काढलं तर बिस्किटासारखं तुटलं. २०डब्ल्यू-४० भरलंय, घाटातला धूर मित्राला मागे ठेवून बघतो. तोवर गाडी गल्लीत, बिबडे अंगणात.