मदत हवी आहे: आघात समजून घेणारा समुपदेशक कसा ओळखायचा?

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीसाठी विचारतेय. लहानपणी तिच्यावर जे गुदरलं ते इथे लिहीत नाही. पण अजूनही मागून कोणी दार लोटलं की तिचा श्वास अडकतो, हातातला कप हिंदकळतो.

मागे एका समुपदेशकांकडे गेलो होतो. पहिल्याच भेटीत त्यांनी "सगळं पहिल्यापासून सांगा" असा आग्रह धरला. घरी आल्यावर ती दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तेव्हापासून मी वाचत सुटलेय. मानसोपचारतज्ज्ञ जुडिथ हर्मन यांनी सावरण्याचे तीन टप्पे मांडलेत: आधी सुरक्षितता, मग आठवणी आणि शोक, मग पुन्हा माणसांशी नातं. आमच्याकडे पहिला टप्पा वगळूनच सुरुवात झाली, हे वाचताना रडू आलं.

आता एक बाई सुचवल्या गेल्यात. आधी नर्स होत्या, नंतर मानसशास्त्रात एमए केलं, ईएमडीआरचं (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आघाताच्या आठवणींवर काम करणारी उपचारपद्धती) प्रशिक्षणही घेतलंय. फोनवर म्हणाल्या, "तिला नको असेल ते ती सांगणार नाही, आणि थांब म्हणाली की आपण थांबायचं." त्या एका वाक्याने मला धीर आला. बहीण मात्र अजून घाबरलेली आहे.

ज्यांनी असे उपचार घेतलेत त्यांनी सांगाल का: समुपदेशकाचं प्रशिक्षण किती झालं, त्यांच्या कामावर देखरेख कोणाची, हे थेट विचारलं तर चालतं ना? पहिल्या भेटीत मी सोबत बसावं का? आणि समोरची व्यक्ती आपल्यासाठी योग्य आहे हे तुम्हाला कितव्या भेटीत, कशावरून कळलं?