एफआरपी आणि दबावगट: शेतकऱ्याचा तो दंगा, कारखानदाराचा तो 'पाठपुरावा'?

खोडवा:
परवा पंगतीत शेजारचे म्हणाले, "शेतकरी संघटनांनी सरकारला वेठीस धरलंय." म्हटलं, आणि कारखानदारांनी? त्यावर शेजाऱ्यांनी जिलेबी वाढून घेतली.

एफआरपी म्हणजे केंद्र ठरवतं तो उसाचा किमान दर. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर १५ टक्के व्याज. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने जीआर काढला: एफआरपी दोन हप्त्यांत दिली तरी चालेल. यासाठी कुठे रास्ता रोको झाला होता? चेअरमनच आमदार असल्यावर रस्त्यावर यायचं काय कारण? संघटनेला मात्र जयसिंगपूरला ऊस परिषद घ्यावी लागते, ऊसतोडी बंद पाडाव्या लागतात, केसेस अंगावर घ्याव्या लागतात. दबाव दोघांचाही. एकाचा दिसतो, दुसऱ्याचा नुसता जीआर दिसतो.

मळीवाला:
कारखान्याच्या अकाउंटला आहे, म्हणून राहवत नाही. साखर चार-पाच महिन्यांत तयार होते, विकायची वर्षभर, तीही केंद्र देईल त्या कोट्याने. साखरेचा किमान विक्री दर २०१९ ला ३१ रुपये किलो ठरला. एफआरपी २०१८-१९ ला टनाला २,७५० होती, २०२४-२५ ला ३,४०० (उताऱ्याचा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीचा, पायाही बदलला, मान्य). त्या हंगामातही किमान दर ३१ च. मालतारणावर, म्हणजे साखर गहाण ठेवून, बँक देते तेवढ्यात सगळं भागवायचं. हे मंत्र्याला सांगायचं नाही? आणि चेअरमनला निवडून कोण देतं? तुम्हीच ना, सभासद?

खोडवा:
सांगा की, पण चारचौघांत सांगा. आणि सभासदाचं म्हणाल तर आमची वार्षिक सभा बघायला या. विषय वाचून व्हायच्या आत पुढच्या चार रांगा "मंजूर, मंजूर". मागे माईक पोचतो तोवर राष्ट्रगीत.

तिसरी घंटी:
रस्ते अडवून काय मिळालं? तो जीआर मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला. दाद कोर्टात मागायची, एसटीच्या काचा कशाला फोडता?

खोडवा:
याचिका स्वाभिमानी शेतकरी संघटनेच्या राजू शेट्टींची होती हो. मागे संघटना नसती तर एकट्या शेतकऱ्याने तीन वर्षं वकील पोसला असता? काचांचं समर्थन मी करत नाही.

कोयता, जि. बीड:
दोघांचंही वाचलं. तोड बंद पडली की आमची टोळी फडाशेजारी पालात बसून. काम नाही तर मजुरी नाही, मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीचा आकडा तसाच. कारखानदाराचा माणूस आत, शेतकऱ्याचा रस्त्यावर. आम्ही रस्ता अडवायचा तर कुठला, इथला की गावाकडचा?

मळीवाला:
याला माझ्याकडे उत्तर नाही. पण ३१ रुपयांचं कोणीच बोललं नाही अजून.