शाळेच्या सुट्टीतला लांब पल्ल्याचा प्रवास: आधी तारखा ठरवाव्यात की ठिकाण?

प्रश्न

आमची थोरली मुलगी तेरा वर्षांची आणि धाकटा मुलगा आठ वर्षांचा आहे. बारा तासांहून अधिक विमानप्रवास करावा लागेल अशी एक मोठी सहल पुढच्या वर्षी करायची, असे घरात ठरले असून सासूबाईही आमच्याबरोबर येणार आहेत. आम्ही उत्तर गोलार्धात राहतो. मुलांची मोठी सुट्टी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत असते; दुसरी डिसेंबरच्या शेवटी मिळते, ती जेमतेम सोळा दिवसांची. आम्हा दोघांना एका वेळी तीन आठवड्यांपेक्षा अधिक रजा मिळत नाही.

जपान, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया अशी तीन ठिकाणे मनात आहेत. जुलैमधला पाऊस आणि त्यामागून येणारा उकाडा यांबद्दल वाचल्यापासून जपानविषयी मन कचरते. न्यूझीलंडमध्ये डिसेंबरात उन्हाळा असतो हे खरे, परंतु इतक्या दूर जाऊन सोळा दिवसांत परतणे कितपत शहाणपणाचे ठरेल, हे समजत नाही. ऑस्ट्रेलियात जुलै म्हणजे हिवाळा, म्हणून तो पर्याय आम्ही जवळजवळ सोडून दिला आहे. सासूबाईंना उकाडा सोसत नाही, तर धाकट्याला थंडीत घराबाहेर पडायचा कंटाळा. सुट्टीच्या पुढे किंवा मागे शाळेचे तीन-चार दिवस बुडवावेत का, असाही विचार चालू आहे. ज्यांनी मुलांसह असे प्रवास केले आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर

आपल्या प्रश्नात ठिकाणे आधी आली आहेत आणि तारखा नंतर. माझ्या मते हा क्रम उलटा करायला हवा, कारण तारखा आपल्या हातात नाहीत, ठिकाण आहे. शाळा जे दिवस देते ते समोर ठेवून ‘या दिवसांत कोठे हवा चांगली असते?’ असे विचारले, म्हणजे निम्मे पर्याय आपोआप गळतात आणि एखादा अनपेक्षित पर्याय पुढे येतो.

दुसरे असे, की ऋतूच्या नावावर विसंबू नये. ‘ऑस्ट्रेलियात जुलैत हिवाळा’ हे वाक्य सिडनी-मेलबर्नपुरते ठीक आहे. त्या देशाचा उत्तर भाग उष्ण कटिबंधात येतो आणि तेथे उन्हाळा-हिवाळ्यापेक्षा ओला काळ आणि कोरडा काळ ही विभागणी अधिक खरी ठरते. ढोबळमानाने नोव्हेंबर ते एप्रिल हा पावसाचा आणि चक्रीवादळांचा काळ, तर मे ते ऑक्टोबर हा कोरडा. केर्न्सला जुलैत दुपारचे तापमान २६ अंशांच्या आसपास राहते आणि आकाश बहुधा निरभ्र असते. डार्विनला पारा तिशीपर्यंत चढतो, पण हवेत दमटपणा कमी असल्यामुळे तो जाचत नाही. उलट याच भागात डिसेंबर-जानेवारीत गेल्यास धो धो पाऊस, बंद पडलेले रस्ते आणि समुद्रात विषारी जेलीफिश अशी परिस्थिती असते. ईशान्य किनाऱ्यावर या जेलीफिशचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे असा धरला जातो. म्हणजे शाळेच्या मोठ्या सुट्टीसाठी आपण जो देश बाद करायला निघाला आहात, त्याचा अर्धा भाग त्या सुट्टीत सर्वांत चांगल्या रूपात असतो. (मगरींविषयीचे फलक मात्र बाराही महिने गंभीरपणे घ्यावेत.)

आता जपानविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण मासिक सरासरी कशी फसवते याचे ते उत्तम उदाहरण आहे. तेथील ‘त्सुयु’ हा पावसाळी काळ तोक्यो आणि क्योतोच्या परिसरात सरासरीने जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू होतो आणि १९ जुलैच्या सुमारास संपतो. त्यामुळे जुलै महिन्याच्या पावसाचा जो एकच आकडा आपल्याला तक्त्यात दिसतो, त्यात दोन वेगळे महिने दडलेले असतात: पहिले तीन आठवडे ढगाळ आणि ओलसर, तर शेवटचा आठवडा कडक उन्हाचा. हवामानाची सरासरी तीस वर्षांच्या नोंदींवरून काढतात आणि सध्या १९९१ ते २०२० हा कालखंड वापरात आहे. ही सरासरी विश्वसनीय असली, तरी महिन्याच्या आतली घडण ती सांगत नाही. म्हणून एकूण मिलिमीटर पाहण्याऐवजी पावसाचे दिवस किती, दमटपणा किती आणि शक्य असल्यास दहा-दहा दिवसांचे आकडे काय आहेत, हे पाहावे.

पाऊस गेल्यानंतर तोक्योत दुपारचे तापमान सरासरी तिशीपलीकडे असते, पस्तिशी गाठणारे दिवसही बरेच येतात आणि रात्रीही उकाडा उतरत नाही. सासूबाईंचा विचार करता हा भाग मी सुचवणार नाही. त्यातच जपानी शाळांची उन्हाळी सुट्टी बहुतेक ठिकाणी २० जुलैच्या सुमारास लागते, ऑगस्टच्या मध्यावर ओबोन हा पूर्वजांच्या स्मरणाचा सण येतो, त्या आठवड्यात निम्मा देश गावी जायला निघतो आणि रेल्वेगाड्या ओसंडून वाहतात. जपानलाच जायचे असेल, तर उत्तरेकडचे होक्काइदो बेट पाहावे. तेथे ‘त्सुयु’ जवळजवळ जाणवतच नाही, ऑगस्टमध्येही साप्पोरोचे दुपारचे तापमान सरासरी २६-२७ अंशच असते आणि फुरानोतील लव्हेंडरची शेते जुलैच्या मध्यास ऐन बहरात असतात. मात्र मुलांच्या मनात तोक्यो आणि क्योतो असेल, तर होक्काइदो दाखवून त्यांची समजूत पटेल असे वाटत नाही. ते दोन्ही कधीतरी मार्चअखेरीस किंवा नोव्हेंबरमध्ये पाहावे, मग त्यासाठी मुले मोठी होईपर्यंत थांबावे लागले तरी चालेल.

दुसरे उत्तर

आम्ही डिसेंबरच्या सुट्टीत न्यूझीलंडला जाऊन आलो, म्हणून त्याविषयी लिहिते.

सोळा दिवस हा आकडा कागदावरचा आहे. जाण्यायेण्याचे मिळून तीन दिवस गेले आणि घड्याळातला फरक मोठा असल्यामुळे पहिले तीन-चार दिवस मुले पहाटे तीनला टक्क जागी व संध्याकाळी जेवणाच्या ताटावर पेंगलेली असत. शरीराचे घड्याळ ढोबळमानाने दिवसाला एक तास या गतीने सरकते आणि पूर्वेकडे जाताना ते बहुतेकांना अधिक जड जाते. खऱ्या अर्थाने भटकायला आम्हाला नऊ दिवस मिळाले. त्या नऊ दिवसांत दोन्ही बेटे पाहण्याचा हट्ट आम्ही धरला, ही आमची चूक. एकच, दक्षिणेकडचे बेट धरले असते तर प्रवास सुखाचा झाला असता.

हवेबद्दल तक्रार नाही. क्वीन्सटाउनला डिसेंबरअखेरीस रात्री साडेनवाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि लहान मुले बरोबर असताना हा लांबलचक उजेड तापमानाइतकाच मोलाचा असतो. हाच प्रवास त्याच आठवड्यात लंडनचा असता, तर दिवसाकाठी आठ तासही उजेड मिळाला नसता. सुट्टी ठरवताना लोक पाऊस पाहतात, थंडी पाहतात, पण सूर्यास्ताची वेळ क्वचितच पाहतात, असा माझा अनुभव आहे. तेथील ऊन मात्र फार प्रखर असते, कारण जानेवारीच्या सुरुवातीस पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि त्या भागात ओझोनचा थरही तुलनेने पातळ असतो. हवा गार वाटली, तरी वीस मिनिटांत मान भाजते. पावसाचे म्हणाल, तर मिलफर्ड साउंड या दक्षिण बेटावरच्या डोंगरवेढ्या खाडीत वर्षाला सहा मीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्याला कोणताच महिना वर्ज्य नाही. तेथे कोरड्या दिवसाची वाट न पाहता भर पावसातले धबधबे पाहायचे, असे मनाशी ठरवूनच जावे.

खरी अडचण गर्दीची झाली. आपली सुट्टी आणि त्यांची सुट्टी एकच! तेथील शाळा डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत बंद असतात आणि २५ डिसेंबर ते २ जानेवारी या काळात सारा देश रस्त्यावर असतो. २५ डिसेंबरला तर जवळजवळ सर्व दुकाने कायद्यानेच बंद असतात. तो दिवस आम्ही आदल्या दिवशी घेतलेल्या पावावर काढला. म्हणून ज्या देशात जायचे, तेथील शाळांचे वेळापत्रकही आपल्या मुलांच्या शाळेच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आणखी एक गोष्ट. जाताना आमचे विमान एका हिमवृष्टीच्या विमानतळावर बदलायचे होते आणि मध्ये दीड तासच होता. पहिल्या विमानाला उशीर झाला आणि दुसरे चुकले. सर्व टप्पे एकाच तिकिटावर असल्यामुळे पुढची सोय विमान कंपनीने केली, पण एक दिवस गेला तो गेलाच. उत्तरेकडच्या हिवाळ्यात विमान बदलायचे असल्यास मध्ये किमान तीन तास असू द्यावेत.

तिसरे उत्तर

मी माध्यमिक शाळेत शिकवते, त्यामुळे केवळ दिवस बुडवण्याच्या प्रश्नाविषयी लिहिते.

अनेक पालक असा हिशेब करतात, की सुट्टीआधीचे तीन दिवस काय आणि सुट्टीनंतरचे तीन दिवस काय, दोन्ही सारखेच. ते सारखे नाहीत. मोठी सुट्टी संपल्यावर नवे वर्ष सुरू होत असेल, तर पहिल्या आठवड्यात वर्गाची घडी बसते: गट ठरतात, जागा ठरतात, प्रकल्प वाटले जातात, आणि तेराव्या वर्षी हे फार महत्त्वाचे असते. जी मुले तेव्हा हजर नसतात, ती अभ्यासात मागे पडत नाहीत, पण आठ-पंधरा दिवस परक्यासारखी वावरताना दिसतात. त्यामानाने परीक्षा संपल्यानंतरचे, सुट्टीआधीचे एक-दोन दिवस बुडाले तर नुकसान कमी. तेही शाळेला लेखी विचारून, खरे कारण सांगून. मुलीला ताप आला असे कळवायचे आणि ती उन्हात रापून परत यायची, यात अवघडलेपण मुलीच्या वाट्याला येते, पालकांच्या नव्हे. शिवाय नियम सगळीकडे सैल नसतात. इंग्लंडमध्ये विनापरवानगी गैरहजेरीसाठी पालकांना दंड होऊ शकतो.

परतीची तारीख शाळा उघडण्याआधी किमान चार दिवस तरी असावी. रविवारी रात्री उतरून सोमवारी वर्गात बसलेले मूल तिसऱ्या तासाला बाकावर डोके टेकते, हे मी दरवर्षी पाहते.

एक जुना अनुभवही सांगते. माझ्या मुलांच्या शाळेने आधी तात्पुरते वेळापत्रक दिले आणि आमची तिकिटे निघाल्यानंतर शाळा उघडण्याची तारीख चार दिवस अलीकडे आणली. विमान कंपन्या साधारण अकरा महिने आधी आसने खुली करतात, शाळांची अंतिम वेळापत्रके मात्र बरेचदा त्यानंतर येतात. म्हणून घाई करायचीच असेल, तर तारीख बदलता येईल असे तिकीट घ्यावे किंवा दोन्ही टोकांना मोकळे दिवस ठेवावेत.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. घरात पुन्हा बसून चर्चा केली. न्यूझीलंड पुढे कधीतरी, जेव्हा तीन आठवडे हाताशी असतील तेव्हा पाहू; ऑस्ट्रेलियाचा उत्तर भाग मात्र सर्वांना पटला आहे. जुलैच्या अखेरीस निघावे आणि ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात परतावे असा विचार आहे, म्हणजे शाळा बुडणार नाही आणि परतल्यावर दहा दिवस मिळतील. केर्न्स, उलुरू (वाळवंटातला तो प्रचंड लाल खडक) आणि सिडनी अशी तीन ठिकाणे डोळ्यांसमोर आहेत. यांचा क्रम कसा लावावा? आणि तेव्हा तेथील शाळांना सुट्टी असेल का?

पहिले उत्तर देणारे

तारखा चांगल्या निवडल्या आहेत. ऑस्ट्रेलियन शाळांची हिवाळी सुट्टी राज्यागणिक थोडी पुढेमागे होते, पण बहुतेक राज्यांत ती जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत आटोपते, त्यामुळे आपण पोहोचाल तेव्हा स्थानिक कुटुंबांची गर्दी ओसरलेली असेल.

क्रमाबाबत माझे मत असे, की आधी केर्न्स, मग उलुरू आणि शेवटी सिडनी. झोपेची घडी विस्कटलेली असताना पहिले पाच दिवस एकाच ठिकाणी, उबदार हवेत आणि भरपूर उजेडात काढावेत. प्रवाळखडकांची फेरी पहिल्या दोन दिवसांत ठेवू नये, कारण पेंगुळलेल्या मुलांना बोटीवर हमखास मळमळते. सिडनीला दिवसा १७-१८ अंश असतात, सव्वापाचच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि पाऊस आला तरी संग्रहालये हाताशी असतात, म्हणून ते शेवटी चालेल. उलुरूला तीन रात्री पुरेत. तेथे दुपारी विशीच्या आसपास सुखद तापमान असते, मात्र वाळवंट असल्याने रात्री ते चार-पाच अंशांवर आणि कधी शून्याजवळ जाते. सूर्योदय पाहायला सगळे अंधारातच बाहेर पडतात, तेव्हा धाकट्यासाठी हातमोजे आणि कानटोपी सामानात वरच्या बाजूला ठेवावी.